पाठीमागची चौथी

आमच्या शाळेला दोनच खोल्या होत्या आणि शिकवणारी माणसंही दोनच. एका खोलीत गुरुजी पहिली-दुसरीला सांभाळायचे, दुसऱ्या खोलीत बाई तिसरी-चौथीला. बाईंनी आपल्या खोलीची वाटणी मोठी हुशारीनं केली होती. पूर्वेच्या भिंतीवर एक फळा, पश्चिमेच्या भिंतीवर दुसरा. तिसरीची तोंडं पूर्वेला, चौथीची पश्चिमेला. मधे भिंत नाही, पडदा नाही, काही नाही. तरटाच्या पट्ट्यांवर आम्ही खाली बसायचो आणि दोन्ही वर्गांच्या शेवटच्या ओळी खोलीच्या मध्यावर पाठीला पाठ लागून यायच्या. बाई एका वर्गाला गणितं घालून द्यायच्या आणि तोवर दुसऱ्याचा धडा घ्यायच्या. आपलं तोंड आपल्या फळ्याकडं ठेवायचं, हा एकच नियम होता. मागं वळून बघितलं की छडी मिळायची.

मी तिसरीत होते तेव्हा माझी थोरली बहीण चौथीत होती. तिला मी आक्का म्हणायचे, अजूनही म्हणते. दोघी उंचीला आडमाप, म्हणून दोघींची रवानगी आपापल्या वर्गाच्या शेवटच्या ओळीत. आणि मी भांडून, रुसून, एकीला चिंचा देऊन नेमकी आक्काच्या मागची जागा मिळवली होती. वर्षभर तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली असायची.

चौथीत धडा वाचायचा तर बसूनच वाचायचा, कारण कुणी उभं राहिलं की तिसरीची पोरं गणितं सोडून बघत बसतात, असं बाईंचं म्हणणं. आणि वाचायला सांगायच्या त्या बहुतेक वेळा आक्कालाच. तिचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. थोडा जाडच होता, शेळ्यांना हाका मारून मारून झालेला. पण ती वाचायला लागली की गुरुजींचा वर्गसुद्धा पलीकडं गप्प व्हायचा. मला तर तो आवाज कानांनी कमी आणि पाठीनं जास्त ऐकू यायचा. धड्यात वादळ आलं की माझ्या पाठीच्या मणक्यात वादळ यायचं. समोर भागाकार पडलेला असायचा आणि मी नदीच्या मध्यावर असायचे.

आता मी गोष्टी लिहिते. पन्नाशीला आले, चार पुस्तकं झाली, पुण्याजवळ भूगावातल्या एका सोसायटीत राहते, आणि कुणी विचारलं की तुम्हाला सुचतं कुठून, तर मी काहीतरी बरंसं उत्तर देऊन वेळ मारून नेते. खरं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे. मला सगळं पाठीमागून सुचतं. लिहिताना एखादं वाक्य जमलं आहे की नाही हे मी डोळ्यांनी ठरवत नाही. आक्काच्या आवाजात ते कसं वाजेल, हे मनातल्या मनात ऐकते, आणि मग ठेवते किंवा खोडते. आणि माझं एवढंच मागणं होतं, कितीतरी वर्षांचं, की तिनं माझं एक तरी पान हातात घ्यावं आणि मोठ्यानं वाचावं. ती वाचत नव्हती. प्रत्येक पुस्तक मी तिला नेऊन दिलं, प्रत्येक वेळी तिनं ते कपाळाला लावलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि लुगड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. "उंदीर न्हाई लागायचा," असं वर सांगितलं. मी चिडायचे. उंदरांसाठी का लिहिलंय मी?

हे वाचन कुठं थांबलं ते सांगायचं तर आधी नावाड्याचं सांगायला हवं.

चौथीच्या पुस्तकात एक धडा होता. नदीला पूर आलाय, पलीकडच्या गावात एक म्हातारी आजारी आहे, आणि एक नावाडी डॉक्टरांना होडीत घालून निघतो. आक्का वाचत होती. होडी मध्यावर आली, लाट आली आणि नावाड्याच्या हातातलं वल्हं निसटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बास. उरलेला उद्या. तिसरी, गणितं दाखवा." माझा भागाकार तसाच पडलेला होता. मला छडी बसली, पण दुःख त्याचं नव्हतं. वल्ह्याचं काय झालं?

शाळेपासून आमच्या वस्तीपर्यंत चढाची वाट होती. आमचं घर डोंगराच्या अंगाला, शेळ्या-मेंढरांच्या वाघरीजवळ, म्हणजे त्यांना रात्री कोंडायच्या जाळीजवळ. चढ सुरू झाला की मी आक्काच्या मागं लागायचे, पुढं काय झालं सांग. तिच्या दप्तरात पुस्तक होतं, तिनं ते आधीच शेवटपर्यंत वाचलेलं असायचं. सरळ सांगेल ती आक्का कसली. आधी माझ्याकडून दप्तर वाहून घ्यायची, मग करवंदाच्या जाळीपाशी बसायची, मग सांगायची.

"वल्हं गेलं व्हय? जाऊ दे. डॉक्टरची छत्री व्हती की. नावाड्यानं छत्री हिसकली आन् तिनंच होडी वल्हवली. डॉक्टर भिजून गार. पलीकडं गेल्याव डॉक्टरलाच हुडहुडी भरली. मंग म्हातारी उठली, चूल पेटवली, त्याला काढा पाजला. त्या गडबडीत ती इसरूनच गेली का आपून आजारी हाय म्हणून."

मी पोट धरून हसले होते. आणि मला एका क्षणासाठीही वाटलं नाही की हे पुस्तकात नसेल. पुस्तकं असलीच असतात, अशी माझी समजूत होती. रोज एक धडा अर्धा तुटायचा आणि रोज चढावर आक्का तो पुरा करायची. राजा, कोल्हा, शास्त्रज्ञ, कुणाचीच तिच्या तावडीतून सुटका नव्हती.

पुढं काही दिवसांनी शाळेची तपासणी आली. साहेब आले, त्यांच्यासाठी सरपंचांच्या घरून खुर्ची आली, चहा आला. साहेबांनी तिसरीला विचारलं, कोण गोष्ट सांगेल? मी हात वर केला. बाईंना आनंद झाला, कारण मी कधी हात वर करत नसे. मी उभी राहून नावाड्याची गोष्ट सांगितली. छत्रीसकट, काढ्यासकट.

साहेब इतके हसले की चहा बशीत सांडला. बाई मात्र हसल्या नाहीत. साहेबांनी विचारलं, "कुठं वाचलीस?"

"चौथीच्या पुस्तकात हाय," मी म्हणाले.

"असं?" साहेब चौथीकडं वळले. "आहे का रे असा धडा?"

चौथी गप्प. सगळ्यांना धडा पाठ होता, पण साहेबांसमोर तोंड कोण उघडणार. आणि मग आक्काचा आवाज आला, "व्हय साहेब. हाय."

"वाचून दाखव बघू."

मी मागं वळून पाहू शकत नव्हते. साहेबांसमोर तर नाहीच. मला फक्त पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग आक्का वाचायला लागली. पूर, होडी, लाट, वल्हं. आणि पुढं न अडखळता, अगदी पुस्तकी भाषेत, "तेव्हा नावाड्याने डॉक्टरांची छत्री आपल्या हाती घेतली व धैर्याने होडी पुढे नेली." चढावर सांगितलेली गोष्ट तिनं तिथल्या तिथं शुद्ध करून वाचली. मधे एकदा पानही उलटलं. म्हातारीनं काढा दिला तिथं "दयाळू वृद्धेने" असं म्हणाली, ते मला अजून आठवतं. साहेबांनी मान डोलावली, मुलगी छान वाचते म्हणाले आणि गुरुजींच्या वर्गाकडं गेले. चौथीचं पुस्तक त्यांनी बहुधा स्वतः चौथीत असतानाच शेवटचं उघडलं असावं.

ते गेल्यावर मी खाली बसले आणि बाई आक्कापाशी आल्या. त्यांनी तिचा कान धरल्याचं मला पाठीला कळलं, कारण आक्काची पाठ ताठ झाली. पण त्यांनी तो पिळला नाही. बराच वेळ नुसता धरून ठेवला आणि मग सोडला.

मला त्या दिवशी काहीच उमगलं नाही. माझ्या लेखी गोष्ट पुस्तकात होती आणि आक्कानं ती वाचली होती. उमगलं ते पुढच्या वर्षी.

मी चौथीत गेले. आता माझं तोंड पश्चिमेला. आक्काचीच पुस्तकं मला मिळाली. नावाड्याचा धडा आला आणि मी आनंदानं पान उघडलं. वल्हं निसटलं. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की नावाड्याजवळ दुसरं वल्हं होतं. ते त्यानं काढलं, होडी पलीकडं नेली, डॉक्टरांनी म्हातारीला तपासलं, गावानं नावाड्याचा सत्कार केला. संपला धडा. मी पान उलटलं, परत उलटलं. छत्री कुठंच नव्हती. मला वाटलं पान फाटलं असेल, पण आकडे सरळ होते. मी नियम मोडून गर्रकन मागं वळले, आक्काला विचारायला. मागं तिसरीची पोरं बसली होती.

आक्का तेव्हा डोंगरावर होती. घरी गेल्यावर मी तिला पुस्तक दाखवलं आणि म्हणाले, छत्री नाही यात. तिनं शेळीच्या पायातला काटा काढता काढता वरही बघितलं नाही. म्हणाली, "पुस्तकवाल्याला सुचली नसंल."

ती डोंगरावर का होती ते आता सांगते. पाचवी आमच्या गावात नव्हती. खालच्या मोठ्या गावात एसटीनं जावं लागे. आक्काचं जायचं ठरलं होतं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कुणाच्या तरी मुलाचा पाचवीच्या पुस्तकांचा जुना संच आणला होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आक्कानं त्या पुस्तकांना सिमेंटच्या पोत्याच्या कागदाची कव्हरं घातली. नुसती घातली नाहीत, दाभणानं शिवली. मला हात लावू द्यायची नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या आजोबांचे गुडघे गेले. शेळ्यांमागं तेच जायचे. आई खुरपणीला जायची तेव्हा घरात दोन पैसे यायचे, तिला थांबवणं शक्य नव्हतं. मग कुणीतरी शेळ्यांमागं जायचं, तर थोरली जाईल. एवढं साधं होतं ते. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. आबा म्हणाले, यंदाचं वरीस. आक्का म्हणाली, बरं.

ते वर्ष मी तोंड पश्चिमेला करून काढलं. धडा आता मला पुरा ऐकायला मिळायचा, आणि दरवेळी तो मला अपुरा वाटायचा.

वर्ष संपलं आणि आमचं नशीब थोडं उघडलं. आबांना उरवड्याच्या एका कारखान्यात रखवालदाराचं काम लागलं. बहुतेक शेळ्या विकल्या आणि आम्ही पिरंगुटच्या बाजूला एका खोलीत राहायला आलो. पाचवीची शाळा तिथून चालत जाण्यासारखी होती. आबा आक्काला म्हणाले, तूही जा. दोघी एकाच वर्गात बसा.

आयुष्यात मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त ओढ लागली ती ही. पाठीमागं नाही, शेजारी. एका बाकावर. मी तिला रात्रंदिवस सांगत होते, आपण शेजारी बसू, तू वाच, मी गणितं करते. तोवर आमचा धाकटा भाऊ झाला होता. आई कामाला जायची आणि तो आक्काच्या कडेवर असायचा. शाळेच्या पहिल्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन माझ्याबरोबर आली. तिनंच शिवलेल्या कव्हरांची पुस्तकं माझ्या पाठीवर होती. पाचवीच्या वर्गाच्या दारापर्यंत आली. आत डोकावली नाही. मला म्हणाली, "जा. म्या आता मोठी झाले. बारक्या पोरींत कुटं बसू?" आणि भावाला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

मी आत गेले. पुढं दहावी, बारावी, कॉलेज, नोकरी, लग्न, भूगाव, पुस्तकं, सगळं झालं. आक्काचं लग्न कासारसाईला झालं. तिचा संसार चांगला झाला, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण वाचणाऱ्याला लगेच हळहळ वाटायला लागते आणि आक्काला कुणाची हळहळ चालत नाही. धरणाच्या खाली तिची भाजीची शेती आहे, नवरा शांत आहे, सून तिला भिते. रविवारी आयटीवाली पोरंपोरी धरणावर फिरायला येतात तेव्हा ती पत्र्याच्या शेडमधे पिठलं-भाकरी करून घालते आणि त्यांना कामाला लावते. "भाकरी पायजे व्हय? मंग कांदा फोडा." तेही गुमान फोडतात.

नातवानं तिला फोनवर आवाज पाठवायला शिकवलंय. आता आठवड्यातून दोन-तीनदा मला तिचे निरोप येतात. लांबलचक. मेथीवर पडलेली कीड, सुनेच्या माहेरचं लग्न, भाकरी खाऊन गेलेल्या एका पोराला आपल्या आईची आठवण कशी आली. मी ते बाल्कनीत बसून ऐकते. समोर बिल्डरचे प्लॉट, मागं हायवेची गडगड. ऐकताना मला राहून राहून वाटतं की ह्या बाईनं लिहायला हवं होतं. मी तिची नक्कल करते, आणि तीही जेमतेम जमते.

लिहिण्याचा विषय निघालाच तर हेही सांगते. आमच्या सोसायटीच्या हॉलमधे मी शनिवारी मुलांचा लेखनाचा वर्ग घेते. आया येऊन सांगतात, "मॅम, हिची क्रिएटिव्हिटी जरा वाढवा ना." जणू ती मेथी आहे. मुलं लिहितात त्यात ड्रॅगन असतात, परग्रहावरचे लोक असतात. शाळेत घडलेलं काही लिही म्हटलं की म्हणतात, "शाळेत काय, काहीच होत नाही. सेम असतं रोज." एकदा मी वैतागून त्यांना जमिनीवर पाठीला पाठ लावून बसवलं. एकानं आजचा शाळेतला दिवस सांगायचा, दुसऱ्यानं मागं न बघता ऐकायचा, आणि मधेच मी थांबा म्हटलं की उरलेला दिवस ऐकणाऱ्यानं सांगायचा. पहिल्यांदा नुसते खिदळले. मग हळूहळू हॉलमधे कुजबुज सुरू झाली. डब्यातली भेंडी, बसमधली खिडकीची जागा, बोलायची बंद झालेली मैत्रीण, रडलेल्या टीचर. एक मुलगी डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते.

मी त्या दिवशी घरी गेले आणि सरळ लिहायला बसले. इतकी वर्षं मी आक्काचा आवाज वापरला होता, पण आक्काची गोष्ट लिहिली नव्हती. तीच लिहिली. दोन फळ्यांची खोली, पाठीला पाठ, छत्री, साहेब, सिमेंटच्या कागदाची कव्हरं, सगळं जसंच्या तसं. फक्त शेवट बदलला. माझ्या गोष्टीत थोरली बहीण भावाला आईकडं सोडते, धाकटीचा हात धरते, आणि दोघी पाचवीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहतात. आतून बाई म्हणतात, या. थोरली चप्पल काढते आणि उंबऱ्यावर पाय ठेवते. तिथं मी गोष्ट संपवली. लिहून झाल्यावर मी रडले आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूशही झाले. शेवट छान साधलाय असं मला वाटलं.

मी गोष्ट मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि मधल्या वारी कासारसाईला गेले, जेव्हा भाकरीची गर्दी नसते. आक्का शेडमधे मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शेजारी ओल्या गोणपाटाखाली भाजीचा ढीग. मी कागद पुढं केले.

"वाच ना. एवढी एकच. मोठ्यानं वाच."

"चष्मा न्हाई."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. मी त्याच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"हात वल्लं हायेत," ती म्हणाली. "तू वाच. म्या ऐकतीया."

मग मीच वाचलं. मला वाचता येत नाही, म्हणजे तिच्यासारखं येत नाही. तरी ती हसली. साहेबांच्या चहापाशी तर मेथी खाली ठेवून हसली, आणि "दयाळू वृद्धेने" आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. म्हणाली, "कसली अवदसा व्हते गं मी." कव्हरांपाशी तिचं हसू गेलं. हात मात्र चालू होते. आजोबांचे गुडघे आले, शेळ्या आल्या, तिचं ते 'बरं' आलं. मग पिरंगुटची खोली, मग शाळेचा पहिला दिवस. हात धरला, दार आलं, आतून बाई म्हणाल्या या, चप्पल काढली, उंबऱ्यावर पाय ठेवला.

मी थांबले. आक्काचे हातही थांबले होते.

"झाली?"

"झाली."

तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि माझ्या हातातून शेवटचा कागद ओढून घेतला. ओळीखाली बोट ठेवलं. आणि मोठ्यानं वाचायला लागली. जोडाक्षरापाशी अडखळली, थांबली, मागं गेली, पुन्हा आली. आवाज पिकला होता, दम पुरत नव्हता. पण वाक्य खाली उतरताना तो आवाज जिथं वळायचा, तिथंच वळला. इतकी वर्षं जे मागितलं ते चालू होतं आणि मला रडू येऊ नये एवढंच मी बघत होते.

ती उंबऱ्यापर्यंत आली. कागद उलटून बघितला. मागं कोरं होतं.

"म्हंजे दारात नेऊन सोडलीस व्हय तिला?"

मी म्हणाले, "शेवट तसाच बरा वाटतो, आक्का. पुढचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं."

"काय समजून घ्यायचं? आत काय झालं?"

"तूच सांग की. तुला येतं. तू सगळ्या धड्यांचं पुढचं सांगायचीस."

ती कागदाकडं बघत राहिली, मग शेडच्या बाहेर, मग परत कागदाकडं. मी वाट बघत होते. कोल्ह्याला, राजाला, नावाड्याला, कुणालाच तिनं कधी अर्ध्यावर ठेवलं नव्हतं. आता सांगेल, आता सांगेल असं मला वाटत होतं.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी आत कुटं गेले?"

हे ती रागानं नाही बोलली. एखादा पत्ता माहीत नसावा आणि माणसानं तसं सांगावं, तसं बोलली. मला मात्र ते सोसवेना. मी सरकून तिच्याजवळ बसले आणि मला आठवेल तसं सांगायला लागले. पत्र्याचं छप्पर होतं, दुपारी तापायचं. एकच फळा होता आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. प्रत्येक विषयाला वेगळे गुरुजी. इंग्रजीचे गुरुजी ठेंगणे होते, फळ्यावर वरपर्यंत हात पोचायचा नाही. पहिल्या दिवशी भूगोल झाला.

"भूगोलात काय?"

"दिशा."

"त्या मला येत्यात," आक्का म्हणाली. "आन् बाक व्हते?"

"होते. लाकडी. एका बाकावर दोघी."

कागद तिच्या मांडीवर होता आणि त्यावर मेथीचं पाणी उतरत होतं.

"मंग मी कुटं बसले असते?"

"माझ्या शेजारी," मी म्हणाले. "ती जागा रिकामीच होती. पहिला आठवडाभर मी तिथं कुणाला बसू दिलं नाही."

आक्कानं मान हलवली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"बरं," ती म्हणाली. "मंग मी बसले. पुढं सांग."